दुसऱ्याच्या नावाने जिंकलेली फायनल

ऐंशीच्या दशकात आम्ही न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये राहायचो तेव्हा वरच्या मजल्यावर एक आयरिश सुतार होता. चाळिशीला टेकलेला, खांदे रुंद, बोलणं कमी. तिथल्या आयरिश लोकांची हर्लिंगची लीग चालायची. हर्लिंग म्हणजे आपल्या हॉकीचाच दांडगा भाऊ. काठीने चेंडू डोक्यावरूनही हाणायचा, हातात झेलायचाही. आयर्लंडमधल्या ज्या काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, माणूस आला, त्या काउंटीच्या टीमकडून त्याने खेळायचं. मी नागपूरला कॉलेजात हॉकी खेळायचो हे कळल्यावर तो मला दर रविवारी मॅचला न्यायला लागला.

मैदान इतकं घाणेरडं की बसायला जागा शोधावी लागे. गवत कमी, काचा जास्त, आणि कुंपणापाशी शिळ्या बिअरचा आंबूस वास. तरी मी जायचो, कारण तो खेळायचा फार सुंदर. बचावाला उभा राहिला की समोरचा माणूस बाजूने निघूनच जाऊ शकत नसे. सेमी फायनलला शेवटच्या क्षणी त्याने गोलात जाणारा चेंडू छातीवर घेतला आणि टीम फायनलला पोचली.

फायनलला तो बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मी त्याच्याबरोबर कपडे बदलायच्या खोलीत गेलो, तर एक कोवळा, तांबड्या केसांचा पोरगा त्याची जर्सी घालून बसलेला. सकाळच्याच विमानाने आयर्लंडहून आणलेला. डोळ्यांत अजून झोप. तिथला नावाजलेला खेळाडू म्हणे, पण इथल्या लीगमध्ये त्याचं नाव नोंदवलेलं नव्हतं. कोचने माझ्या मित्राला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आज हा तुझ्या नावाने खेळेल, तू रेफरीच्या नजरेला पडू नकोस. वर त्याची काठीही मागितली, कारण पोराची प्रवासात तडकली होती.

त्याने काठी दिली.

मला शिसारी आली. गावोगावच्या कबड्डीत बाहेरचे गडी घुसवतात हे मी पाहिलं होतं, पण ज्याचं नाव चोरायचं त्याच्याच हातून काठी मागायची? मी कोचला तसं म्हणालोही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीला वाचा फुटली.

आम्ही हॉट डॉगच्या गाडीमागे उभे राहून मॅच पाहिली. पोरगा खरंच अफाट खेळला. लाउडस्पीकरवरून माझ्या मित्राचं नाव पुन्हा पुन्हा पुकारलं जात होतं. मुलगी गोंधळून म्हणाली, "पण डॅडी तर इथे आहे."

तिच्या आईने तिला गप्प केलं.

टीम जिंकली. कोच आला, मित्राच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, नाव तर तुझंच झालं ना! आणि मित्र हसला, हात मिळवला, सगळ्यांबरोबर बारमध्ये जायला निघालासुद्धा. ते हसू मला कोचच्या लबाडीपेक्षा ओंगळ वाटलं. त्याच्या मोटारीपाशी त्याला अडवून मी विचारलं, "तुला काहीच वाटत नाही?"

त्याने मुलीला आत बसवलं, दार लावलं.

"मी या देशात आलो तो असाच," तो म्हणाला. "एका फायनलसाठी आणलं होतं मला. परत गेलोच नाही."

"आणि कोणाच्या नावाने खेळलास?"

त्याने जरा विचार केला. "होता कोणीतरी. मी कधी विचारलं नाही."

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. त्याच्या मोटारीतून मी परत आलो नाही, बस धरली. घरी बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, त्याला वाईट वाटलंच नसेल असं नको समजू. वाटलं असेलही. पुढच्या उन्हाळ्यात रविवारी सकाळी त्याने पुन्हा आमचं दार वाजवलं. तो नव्या सीझनला खेळायला निघाला होता. मी दारातूनच नाही म्हटलं.