शेवळांची जागा

जून उजाडला की डोंबिवलीच्या बाजारात एका ओल्या गोणपाटावर शेवळांच्या, म्हणजे पहिल्या पावसात जमिनीतल्या कंदांतून वर येणाऱ्या रानभाजीच्या, जांभळट-तपकिरी जुड्या आणि शेजारी काकडं ही आंबट, हिरवी रानफळं दिसू लागतात, आणि मातीचा तो किंचित उग्र वास नाकात शिरला की माझ्यातली निवृत्त शिक्षिका वय विसरून, घासाघीस न करता थेट पिशवी पुढे करते. त्या गोणपाटामागे हिरीबाई असायची. मलंगगडाच्या पायथ्याशी पाड्यावर राहणारी ही ठाकर बाई वर्षानुवर्षं मला शेवळं विकत आली आणि दरवर्षी बजावत आली, "बाई, काकडं घाला हां भरपूर, नायतर घसा खाजल आन् शिव्या मला द्याल!"

निवृत्तीनंतर मी एका संस्थेच्या कामात पडले. डोंगरांची अख्खी रांग राखायची, वणवे थांबवायचे, झाडं लावायची, आणि हे सगळं पाड्यांवरच्या माणसांच्या हातून, त्यांना मजुरी देऊन, असं ते काम. पाड्यावर आमचं कोणी ऐकून घेईना, तेव्हा मी हिरीबाईचं नाव घेतलं. "आमच्या वळखीच्या बाई हायेत," एवढंच ती म्हणाली आणि दारं उघडली. काम चांगलं होतं, आजही आहे. रोपवाटिकेमुळे तिच्या सुनेला वीटभट्टीवर जावं लागत नाही. होळीला आटणारा ओढा आता त्यानंतरही महिनाभर झुळझुळतो. हे मी स्वतःला वारंवार सांगते, आणि सांगताना माझाच राग येतो मला.

कारण एप्रिलमधली ती दुपार काही केल्या पुसली जात नाही. उन्हाने पांढरा पडलेला उतार, पायाखाली चुरचुरणारी पळसाची पानं, दूर कुठे तरी जळलेल्या गवताचा करपट दर्प, आणि माझ्या हातातला नोंदींचा तक्ता. 'जमिनीचा सध्याचा वापर' या रकान्यात मी लिहिलं: काही नाही, उजाड. हिरीबाई शेजारीच उभी होती. "तिथं नको बाई," ती म्हणाली, "खाली शेवळं निजल्यात."

मी ऐकलं. नीट ऐकलं. पण खड्ड्यांची आखणी त्याच दिवशी संपवायची होती, ऊन डोक्यात गेलं होतं, आणि वर्गात मध्येच हात वर करणाऱ्या मुलीला गप्प करावं तशी मी म्हणाले, "अगं, एवढा डोंगर पडलाय, उगवतील दुसरीकडे." जन्मभर भूगोल शिकवला मी! कंदाला पाय नसतात, हे मला कोणी सांगायला हवं होतं?

मे महिन्यात खड्डे खणायला तीही होती. कुदळीखाली चिरलेले कंद ती मुकाट्याने पदरात गोळा करत होती, आणि कशाला, हे विचारायचंही मला सुचलं नाही. पुढच्या जूनमध्ये तिच्याकडे चारच जुड्या होत्या. यंदा ती बाजारात आलीच नाही. शेवळांच्या त्या दोन आठवड्यांत तिच्या घरात पावसाळ्याचं तेल-मीठ भरायचं, हे मला ठाऊक होतं.

मग मीच पाड्यावर गेले, संस्थेला द्यायचा राजीनामा पिशवीत घालून. उतारावर करंज आणि आवळे कमरेएवढे झाले होते. दृष्ट लागावी अशी कोवळी, तकतकीत पालवी. हिरीबाईने मला झोपडीमागे नेलं. चिरलेले कंद तिने तिथे लावले होते. दोनच वर आले होते.

"चुकलंच गं माझं. तू सांगितलं होतंस."

"हां, सांगितलं होतं," ती म्हणाली. उगाच समजूत घालायला ती थांबली नाही.

काम सोडते आहे, पुढच्या डोंगराच्या नोंदी दुसरं कोणी तरी करील, असं मी म्हणाले मात्र, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्यावर उखडली.

"वा गं वा! म्हंजे नवी बाई येनार. तिला शिकवायला आमची आनखी एक जागा घालवायची काय?"

तिने विळा कमरेला खोचला आणि पलीकडच्या डोंगराच्या वाटेला लागली. मी तिच्यामागून निघाले. वाटेत दर दहा पावलांवर ती थांबे, बोटाने जमीन दाखवी, आणि मी लिहून घेई. तिने मला माफ केलं का, हे मी अजून विचारलेलं नाही.