दुपारवाल्या काकांच्या खिशातल्या किल्ल्या

चौबे कॉलोनीतल्या आमच्या गल्लीत पाच घरांच्या किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात असत, आणि त्या पाचांपैकी एकही घर त्याचं नव्हतं. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, टोकाच्या घरात राहणारे हे आमचे दुपारवाले काका. आम्ही सगळे नोकरीवर गेलो की बाराला ते निघत. कुणाची पाण्याची मोटर लावायची, कुणाचं वॉशिंग मशीन, कुणाचं दळण ज्याच्या त्याच्या घरच्या चक्कीतून काढून ठेवायचं. आमचे कपडे तर वाळतही घालत. मात्र सगळे शर्ट उलटे, कॉलर खाली. कितीदा सांगितलं, पण छे!

"संध्याकाळी कूलर-पंखे तर चालनारच," ते म्हणत. "बाकीचं दुपारी ढकल ना, बाई. सारे मिळून सातले लावता, अन् मंग लाईट गेली म्हून बोंबलता."

यात त्यांना मिळतं काय, हे मला कळेना. वीज खात्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. माझ्या लेकीच्या मते त्यांना कमिशन मिळत असणार. मला तर दुसऱ्याच्या भानगडी कळल्याशिवाय जेवण जात नाही, म्हणून एकदा सरळ विचारलं. "रिकामा मानूस. वेळ जाते," म्हणाले. माझं काही समाधान झालं नाही.

मग एका मे महिन्यात नागपूरहून पाहुणे आले. ऐन सातला मी मोटर, चक्की, इस्त्री, सगळं एकदम लावलं. एका दिवसानं काय होतं? फाटकन आवाज झाला आणि सारी गल्ली अंधारात! काका रागावतील म्हणून मी आधीच माफी मागायला त्यांच्याकडे गेले, तर दार उघडंच. काकू आजारी असतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. टॉर्चच्या उजेडात त्या पलंगावर बसून धापा टाकत होत्या. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलेलं, आणि काका त्यांची नळी सिलिंडरला जोडत होते. त्यांचे हात स्थिर होते.

काकूंची धाप जरा कमी झाल्यावर मी म्हटलं, "काका, आधी सांगितलं का नाही?"

काकांनी काकूंकडे बोट केलं. "हेच म्हने, कोनाले सांगू नका. माह्यापायी लोकं भिऊन भिऊन कपडे धुतीन, ते मले नाही पायजे."

मीही कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर माझ्या घरी सातला इस्त्रीसुद्धा लागली नाही.

पावसाळा सरता सरता काकू गेल्या. तेरावा झाल्यावर काका आमच्या दारात आले आणि आमच्या घराची किल्ली पुढे केली. "घे, बाई. आता केवाही लाव."

मी किल्ली घेतली नाही. म्हटलं, "मी दिवसभर ऑफिसात. आमचे कपडे कोण धुणार?"

काका "हव" एवढंच म्हणाले आणि त्यांनी किल्ली परत खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले. दोरीवर सगळे शर्ट उलटे, कॉलर खाली. मी तिथंच उभी राहून रडले.