डाव्या जबड्याची दाढी

आमची पोस्ट नियंत्रण रेषेवर होती. उंची नऊ हजार फूट. मी हवालदार, एका सेक्शनचा कमांडर, हाताखाली नऊ जवान. समोरच्या डोंगरावर त्यांची पोस्ट होती. अंतर सरळ रेषेत सहाशे मीटर. आपण शिंकलो तर त्यांना ऐकू जाईल, असं आम्ही गमतीनं म्हणायचो.

दिवस ठरलेला असायचा. पाच ते सहा स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारासह मोर्च्यात तयार. सहा वाजता स्टँड-डाउन. मग स्टोव्हवर बर्फ वितळवायचा, अर्धा मग गरम पाणी प्रत्येकाला, आणि साडेसहापर्यंत दाढी. शेव्ह झाल्याशिवाय चहा नाही, हा माझा नियम. कंपनी कमांडर साहेब महिन्यातून एकदाच वर यायचे, तरी नियम रोजचा.

लान्स नायक भिकन कोळी धरणगाव तालुक्यातला. मी भडगावचा. अख्ख्या कंपनीत खान्देशचे आम्ही दोघेच, त्यामुळे इतर कुणी जवळ नसलं की तो मला भाऊ म्हणायचा आणि अहिराणीत बोलायचा. तो एकदा वैतागून म्हणाला, "भाऊ, आठे आपलं थोबाड कोन देखी ऱ्हायनं?"

"समोरचा," मी म्हणालो. "त्याच्याकडे दुर्बीण शे. त्याला रोज सकाळी दिसलं पाहिजे, की आपण घरच्यासारखी निवांत दाढी करतोय. त्याच्या गोळ्यांनी आपलं काही अडत नाही."

भिकनला ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून तो मोर्च्यांपुढच्या दगडी भिंतीच्या त्या कडेला बसून दाढी करायला लागला, जिथून समोरची पोस्ट दिसायची. मी त्याला दोनदा रागावलो. त्यानं जागा बदलली नाही.

त्या सकाळी स्टँड-डाउन होऊन बारा मिनिटं झाली होती. पहिला शेल आमच्या मागच्या उतारावर पडला. मी ओरडलो, "टेक कव्हर!" जवान मोर्च्यांत घुसले. दुसरा शेल दगडी भिंतीवर आला. मला आवाज आठवत नाही. तोंडात माती होती आणि डाव्या बाजूनं काहीतरी गरम गळ्याकडे वाहत होतं, एवढं आठवतं. भिकननं मला दोन्ही खांद्यांना धरून मोर्च्यात ओढलं. फील्ड ड्रेसिंग काढून माझ्या जबड्यावर दाबलं आणि पट्टी डोक्याभोवती आवळली.

मग खाली कंपनीला कळवायला त्यानं रेडिओ सेट उचलला.

"टायगर, टायगर, अल्फा वन. कॅज्युअल्टी एक. ओव्हर."

सेटवर नुसती खरखर. भिंतीबरोबर एरियलही पडलं होतं.

त्यानं बाहेर पाहिलं. मी हातानं खूण केली, नको. मग तोंडातलं रक्त थुंकून बोललो, "जायचं नाही. ऑर्डर आहे."

"भाऊ, सेट बंद शे," तो म्हणाला. "एरियल उभं करस अन् येस."

तो गेला. घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर होतं, कारण हात छातीवर होता. सहा वाजून सतरा मिनिटांनी सेटमधली खरखर थांबली आणि स्वच्छ आवाज आला, "अल्फा वन, टायगर. बोला, ओव्हर." मी बोललो. स्ट्रेचर मागितलं. माझं वाक्य संपायच्या आत तिसरा शेल पडला.

भिकन परत आला नाही. एरियल मात्र दुपारपर्यंत उभं होतं.

पुढचे सात महिने मी फौजेच्या हॉस्पिटलात काढले. डावा जबडा प्लेट घालून जोडला. मांडीची कातडी काढून गालावर लावली. सर्जन मेजर साहेब भले माणूस होते. डिस्चार्जच्या दिवशी म्हणाले, "हवालदार, दाढी वाढवा. बरंचसं झाकलं जाईल." मी "जी साहेब" म्हणालो. मेडिकल बोर्डानं माझी फिटनेस कॅटेगरी खाली केली आणि मी पेन्शनवर घरी आलो.

दाढी वाढवली. पण लावलेल्या कातडीवर केस येत नाहीत. कानापासून हनुवटीपर्यंत चार बोटं रुंद गुलाबी पट्टा, आणि त्याच्या दोन्ही काठांवर वेडेवाकडे केस. ते बाहेर यायच्या ऐवजी आतच वळायचे. त्यांचे फोड व्हायचे, पू व्हायचा. खान्देशातला मे महिना, अंगावर घामाच्या धारा, त्यात ती दाढी. पाच पात्यांच्या प्लास्टिकच्या रेझरनं ती काढून पाहिली. एका फेरीत पाच वेळा कातडी खरवडली गेली आणि आठवडाभर चेहरा सुजला. जळगावच्या कातडीच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की एवढी पाती केस कातडीच्या खाली कापतात, मग तो केस वाढताना आतच रुततो. "जखम पूर्ण भरली आहे, भीती नाही. पण दाढी करायचा हट्ट कशाला? ट्रिमर फिरवा, वर उपरणं घ्या." गावातल्या न्हाव्यानं वस्तरा हातात घेतला, माझा गाल पाहिला आणि वस्तरा खाली ठेवला. "साहेब, हे माझ्याच्यानं होणार नाही," म्हणाला.

मी उपरणं घ्यायला लागलो.  बायको रेखा ती उपरणी धुवून, घडी करून ठेवायची.

मग एका शाळेनं सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला बोलावलं. माजी सैनिक म्हणून सत्कार होता. मी त्या दिवशी युनिफॉर्मचा कोट, मेडल्स आणि उघडा चेहरा घेऊन गेलो. मुख्याध्यापक दारात भेटले. हळूच म्हणाले, "साहेब, रागावू नका. उपरणं जरा गालावरून असू द्या. पहिली-दुसरीची लेकरं पुढं बसतात, घाबरतील."

रेखा बरोबर आली होती. मी तिच्या हातातून उपरणं घेतलं आणि तोंडावर ओढलं. सत्कार झाला. नारळ घेतला. घरी आलो.

रेखा चपला काढता काढता म्हणाली, "तुम्ही तोंड का झाकलं?"

"त्यांनी सांगितलं."

"समोरच्या डोंगरावरून तोफा मारत होते, तेव्हा झाकलं होतं का?"

  शेलिंगमध्ये मी खाली मान घातली नव्हती, आणि एका भल्या मास्तरच्या एका वाक्यावर मी तोंड झाकलं होतं. चेहरा माझा होता. तो कुणाला दाखवायचा, कसा ठेवायचा, हे मी ठरवणार. आणि तो मी फौजेत ठेवला तसाच ठेवणार, गुळगुळीत. हे त्या दिवशी ठरलं.

आता प्रश्न हत्याराचा. एकाच ब्लेडचं जुन्या पद्धतीचं यंत्र घ्यावं, म्हणजे केस कातडीच्या बरोबरीनं कापला जाईल, खाली नाही, हे डॉक्टरांच्या बोलण्यावरून माझं मला कळलं होतं. भडगावात फक्त प्लास्टिकचे रेझर मिळाले. जळगावात एका मोठ्या दुकानात परदेशी यंत्र होतं, मखमलीच्या डबीत, माझ्यासारख्यानं नुसतं बघावं असं. कुणीतरी सांगितलं, धुळ्याला सलूनच्या सामानाचं जुनं दुकान आहे. सकाळच्या एसटीनं धुळं गाठलं. उपरणं घरीच ठेवलं होतं. बसमध्ये शेजारची बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली. मी खिडकीकडे वळलो नाही.

दुकानदार पारसशेठ. घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या धुळ्यात. वय सत्तरीचं. त्यांनी माझ्या गालाकडे बघितलं, चष्मा वर केला आणि पुन्हा नीट बघितलं. नजर चोरली नाही.

"गोळी का?"

"शेल."

"बसा."

त्यांनी काचेवर सात यंत्रं मांडली. मी सगळ्यात जड, चकचकीत, खाली कंगव्यासारखे दात असलेलं उचललं.

"ते तुम्हाला नाही देणार," पारसशेठ म्हणाले.

"मला चालेल."

"तुम्हाला चालेल, तुमच्या कातडीला चालणार नाही." त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, त्यात ब्लेड घातलं आणि उजेडासमोर धरलं. "इथं बघा. ब्लेडची धार आणि खालची पट्टी, यांच्यातली फट केवढी आहे. ब्लेड बाहेर डोकावतंय. हे आठवड्यातून एकदा दाढी करणाऱ्या जाड केसांच्या माणसाला. तुम्ही रोज करणार?"

"रोज."

"मग हे." त्यांनी एक साधं यंत्र पुढं केलं. पितळी, वरून निकेलचा मुलामा. खालची पट्टी सरळ, दात नसलेली. फट नखाएवढीही नाही. मूठ खरखरीत, ओल्या हातातून निसटणार नाही अशी. तीन भाग, फिरवून सुटे होणारे. "आटे पितळेचे आहेत, झिजणार नाहीत. याच्यापेक्षा स्वस्त आहे ते बिडाचं. पडलं की मानेत तुटतं. याच्यापेक्षा महाग आहे त्यात चमक जास्त, दाढी तीच."

"आणि ब्लेड?"

"ते मी सांगू शकत नाही. ब्लेड ज्याच्या त्याच्या चेहऱ्याला. चार कंपन्यांची एकेक पाकीट न्या. एकेक आठवडा लावा. जी ओढणार नाही ती तुमची." मग बोट वर करून म्हणाले, "एक गोष्ट ऐका, साहेब. दाबायचं नाही. तुम्ही फौजी लोक दाबता. यंत्राचं वजन यंत्राला वाहू द्या."

दाबायचं नाही. हे शिकायला मला तीन आठवडे लागले.

पहिल्या सकाळी मी दाबलं. पट्ट्याच्या खालच्या काठावर कापलं. रेखानं तुरटी आणून दिली आणि दारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दाढी केली नाही. तळहात फिरवून केस कुठल्या दिशेनं वाढतात ते पाहिलं आणि कागदावर चेहरा काढून बाण घातले, जसे रेकीनंतर, म्हणजे टेहळणी करून आल्यावर, नकाशावर काढतो. उजवीकडे सगळे बाण खाली. डावीकडे पट्ट्याच्या वर पुढे, पट्ट्याच्या खाली मागे, हनुवटीशी भोवरा. तोपर्यंत मी सगळीकडे वरून खाली ओढत होतो. म्हणजे अर्ध्या चेहऱ्यावर उलट दिशेनं.

चौथ्या दिवसापासून पद्धत ठरली. कोमट पाण्याचा टॉवेल दोन मिनिटं. ब्रशनं साबणाचा दाट फेस. डाव्या हातानं कातडी ताणायची, यंत्र तिरकं धरायचं, बोटभर ओढ घ्यायची आणि पाणी मारायचं. बाणांच्या दिशेनं एकच फेरी. दुसरी फेरी नाही, कितीही मोह झाला तरी. मग गार पाणी. पहिल्या कंपनीचं ब्लेड ओढायचं, ते सोडलं. तिसऱ्या कंपनीचं बसलं. महिन्याअखेर फोड गेले. गाल हाताला गुळगुळीत लागत होता आणि पट्टा लख्ख दिसत होता, पूर्वीपेक्षा जास्त. आरशात मी तो नीट पाहिला. हॉस्पिटलनंतर पहिल्यांदाच.

एक काम राहिलं होतं.

भिकनच्या आईकडे मी आधी दोनदा गेलो होतो. धरणगावपासून आत तिचं गाव. दोन्ही वेळा दाढी आणि वर उपरणं. दहा मिनिटं बसलो, "शूर होता, अक्का" म्हणालो, चहा घेतला आणि निघालो. तिला फौजेकडून कळलं होतं ते एवढंच, की शेलिंगमध्ये गेला. तो का बाहेर होता, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं. तो माझ्यासाठी बाहेर गेला होता.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ती ओट्यावर कापसाची सरकी निवडत बसली होती. माझ्याकडे पाहून उठली. जवळ आली आणि सुरकुतलेली बोटं सरळ माझ्या गालावर ठेवली.

"हाई काय व्हयनं रे बाबा?"

मी उभ्या उभ्या सांगितलं. पहिला शेल, दुसरा शेल. त्यानं मला ओढलं. पट्टी बांधली. सेट बंद होता. त्यानं एरियल उभं केलं, सहा सतराला माझा आवाज खाली पोचला, मी वाचलो. तो तिथंच राहिला. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

 तिचा हात माझ्या गालावरच होता.

"तू त्याले सांगं व्हतं ना, जाऊ नको?"

"सांगं व्हतं, अक्का. ऑर्डर दिली होती."

"मंग त्यानी आयकं नही."

"नाही ऐकलं."

"घरमा बी त्यानी कव्हयच कोनं आयकं नही," ती म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. काहीतरी ताठ होतं. मग ती गल्लीकडे वळली आणि मोठ्यानं हाका मारायला लागली, नावं घेऊन, घराघराला. बायका आल्या, म्हातारे आले, शेतावर निघालेले दोघं बैलगाडी थांबवून उतरले. सगळ्यांचे डोळे आधी माझ्या गालावर गेले. मी चेहरा वळवला नाही.

अक्कानं माझा दंड धरला. "आते बठ्ठासले सांग. मन्हा भिकन कसा गया ते. येळ सांगीसन."

मी सावधान उभा राहिलो.

"लान्स नायक भिकन कोळी," मी म्हणालो, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.