समेवरचा हात

लखनौच्या अलीगंजातल्या सरोज वानखडेचा डावा कान बहिरा. बापानं केला. बाबूराव आमच्या अकोल्याकडचा, गाण्याच्या पार्टीत तबला वाजवे. पोरीला शिकवायला बसला की सोळा मात्रा मोजे, आन् फिरून पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, ती चुकली की कानशिलात ठेवून दे. नवव्या वर्षी कानातून रक्त आलं. मंग त्या बाजूनं जग बंद झालं. बापानं तिला दोनच वस्तू दिल्या: हा कान, आन् तबला सुरात लावायची लोखंडी हातोडी.

नवरा राजरत्न टेलिफोन खात्यात. त्याच्यासंगं ती लखनौला आली आन् त्र्याण्णव साली घरीच क्लास काढला. लोक हसत. कारण पहिला महिनाभर ती तबल्याला हात लावू देत नसे. पोरांना गच्चीवर बसवे. खाली धुनिया, म्हणजे पिंजारी, रजईचा कापूस पिंजायला बसला की त्याच्या धनुकलीची तांत टणटण वाजे. पोरांनी ती ऐकायची, आन् दुसऱ्या दिवशी मांडीवर थाप मारून तिला आपल्या मनानं जवाब द्यायचा.

"तसंच्या तसं नोका वाजवू," ती म्हणे. "नक्कल तं माकड बी करते."

चुकलं तरी पोरावर हात उगारायचा नाही, हा तिचा नेम.

स्नेहल त्यांतली, दहा वर्षांची. तिचा बाप चंद्रकांत साताऱ्याकडचा, हवाई दलात. तबल्याची परीक्षा जवळ आली तसा दारात येऊन उभा राहिला.

"बाई, धुनियाचं ऐकून पोरगी पास हुणार हाय का? आता रियाज मी घेतो घरी."

"घ्या ना भाऊ. पण तुमी बी ऐकाले शिका."

पंधरा दिवसांत पोरीचा हात साफ झाला. सरोजनं उजवा कान तिच्याकडं वळवला. सोळाव्या मात्रेवर पोरगी श्वास धरत होती. खांदा कानाकडं चढे, समेची थाप अर्धीच पडे. दरवेळी. ही थाप सरोजच्या ओळखीची होती. लहानपणी ती स्वतः अशीच वाजवे.

"समेवर मारते का तुहा बाप?"

"नहीं आंटी. अपने आप होता है."

सरोजनं तिचे केस मागं सारले. कानाची पाळी जांभळी पडलेली.

"ह्या कानानं ऐकू येते?"

"हाँ. थोडा-थोडा."

सरोजचंही ऐकणं असंच थोडं-थोडं गेलं होतं.

रविवारी सकाळी ती भाजीची पिशवी घेऊन दोन गल्ल्या ओलांडून स्नेहलच्या घरी गेली. खिडकीतून तबला ऐकू येत होता. सम आली, आन् थापेच्या जागी चापट वाजली. सरोज दार ढकलून आत घुसली. पोरीच्या कानातून गालावर रक्ताची बारीक रेघ.

"ह्यो तुमचा क्लास न्हाय, बाई. माझी पोरगी हाय."

"पोरगी तुही. कान तिचा."

त्यानं सरोजला असं ढकललं की ती कपाटावर आदळून कपाळ फुटलं. मंग तो पुन्हा पोरीकडं वळला आन् हात उचलला. सरोजनं पिशवीतून हातोडी काढली आन् त्याच्या मनगटावर हाणली. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसं हाड मोडलं. तिनं ते उजव्या कानानं नीट ऐकलं.

चंद्रकांत बोंबलत खाली बसला. शेजारी धावत आले. त्याची बायको नंदा लाटणं घेऊन चौकटीत उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "बाथरूम में पैर फिसल गया इनका." चंद्रकांतनंही तेच सांगितलं. बाईच्या हातनं हाड मोडलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

घरी राजरत्न तिच्या कपाळाला हळद लावत बोलला, "मोडला ना वो नेम?"

"नेम पोट्ट्यांसाठी होता. बापासाठी नव्हता."

सहा आठवडे चंद्रकांतचा हात प्लास्टरात होता. दर रविवारी सरोज खिडकीखाली थांबे. सम भरून येऊ लागली. पोरगी मधूनच धुनियाची तांत तबल्यावर आणे, आपल्या मनाची.

मंग प्लास्टर निघालं. त्या रविवारी सरोज उजवा कान खिडकीकडं करून उभी राहिली. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. पोरीनं श्वास धरला नाही. धा! थाप पुरी, उघडी पडली. चापट वाजली नाही.

सरोज हलली नाही. पिशवीत हात घालून हातोडीचा दांडा धरला, आन् पुन्हा एकपासून मोजायला लागली.