चौथ्या खाटेवरची बेबीताई

परीक्षेच्या वेळी बेबीताईच्या हातात कागद-पेन कधीच नसायचं. तिचं सगळं काम पदरावर चालायचं. समोरचा विद्यार्थी एखादा प्रश्न विचारायचा विसरला, की पदराच्या टोकाला एक गाठ पडायची. विद्यार्थ्याला पोट धरून कण्हणारी बाई तेवढी दिसे, पदराखालची बोटं दिसत नसत. सात मिनिटांनी घंटा वाजली की बेबीताई खाटेवर उठून बसायची आणि एकेक गाठ सोडायला लागायची. "ही, नाव नाई इचारलं त्याची. ही, माह्या तोंडाकडे पायलं नाई त्याची. अन् ही..." शेवटच्या गाठीला ती हात लावायची नाही. "ही सुटत नाई बापू. हिच्यात मी मेली."

वर्ध्याहून आंजीकडे जाताना आमचं विद्यापीठ लागतं. सावंगीचं नव्हे, सेवाग्रामचंही नव्हे, त्या दोघांपेक्षा बरंच लहान. डॉक्टर कसे शिकवावेत याचा विचार करणारा एक विभाग तिथे आहे आणि मी पहिल्या दिवसापासून त्या विभागात आहे. विद्यापीठाच्या आरोग्यशिक्षणाचा इतिहास नुकताच छापून झाला. जाड कागद, रंगीत फोटो, सोनेरी अक्षरं. त्यात बेबीताईच्या वाट्याला एक ओळ आली आहे: 'स्थानिक महिलांच्या सहकार्याने'. ती ओळ वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून हे लिहिते आहे. शांत झाल्यावर लिहावं असं लोक सांगतात, पण मला शांत व्हायचंच नाही.

बेबीताई ढोले आंजी मोठीची. दोन एकरांत मेथी, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, वांगी काढायची आणि सकाळी टोपल्या घेऊन आमच्या वसतिगृहाच्या मेसवर यायची. त्या वर्षी आम्ही नवीन तऱ्हेची परीक्षा सुरू केली होती. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतात, प्रत्येक ठिकाणी एक काम करून दाखवतात, घंटा झाली की पुढे. काही टेबलांवर खोटा रुग्ण असतो. आमचे खोटे रुग्ण म्हणजे आमचेच शिकाऊ डॉक्टर. कुठे दुखतं विचारलं की पाठ्यपुस्तकातलं वाक्य घडाघडा म्हणून दाखवायचे. असे रुग्ण जगात नसतात, आणि असल्या रुग्णांवर शिकलेल्या डॉक्टरांचं काय होतं ते आपण पाहतोच.

एका सकाळी मेसच्या दाराशी बेबीताई कमरेला हात लावून वाकलेली दिसली. उसण भरली म्हणे. आचाऱ्याने आणि वॉर्डनने दोन्ही टोपल्या उचलून आत नेल्या. टोपल्या आत गेल्या आणि बाई ताठ चालायला लागली. मी मागून हाक मारली, "ताई, उसण गेली का हो?" ती वळली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "काय करता जी मॅडम. खरं दुखते तवा कोनी उचलून देत नाई." मी तिला त्याच आठवड्यात खाटेवर निजवलं. चौथ्या टेबलाची खाट.

आम्ही तिला पोटात जळजळ होणाऱ्या बाईची भूमिका दिली होती. पहिल्या परीक्षेत तिने ती चोख केली. दुसऱ्या परीक्षेत मात्र एकाही विद्यार्थ्याला निदान जमेना. मी जवळ जाऊन ऐकलं, तर बाईने अख्खी भूमिकाच बदलली होती. नाव शांता, वय सव्वीस, लग्नाला दीड वर्ष, सकाळपासून ओटीपोटात दुखतं, चक्कर येते. मी संध्याकाळी चिडून विचारलं, "बेबीताई, हे आपलं ठरलं होतं का?"

"माही बहीन होती शांता," ती म्हणाली. "तिले घिऊन वर्ध्याले एका दवाखान्यात गेलतो. डॉक्टरानं वर पायलंच नाई. पेन टिकटिक करून राह्यला. म्हने, जळजळ होते का? शांता म्हने हो जी. जळजळ नव्हती मॅडम. डॉक्टर म्हनते तर असन, म्हून ती हो म्हने. गोया देल्ल्या अन् पाठवलं. तिची पाळी चुकली होती. तिले म्हाईत होतं, मले म्हाईत होतं. त्यानं इचारलं असतं तर सांगतलं नसतं का? अन् पोटाच्या दुखन्यात हे सांगा लागते, हे आमाले कसं समजनार?"

गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटली. आंजी यायच्या आत एसटीतच शांता गेली.

मी ती भूमिका कायम केली. चौथं टेबल म्हणजे शांता, असं ठरूनच गेलं. पाळी कधी आली होती हा प्रश्न विचारल्याशिवाय आमच्या विद्यापीठातून कोणी डॉक्टर होऊन बाहेर पडेना. बेबीताईचे केस पांढरे झाले, गुडघे गेले, पण खाटेवर तिचं वय सव्वीसच राहिलं. नवी मुलं वय ऐकून हसायची. सात मिनिटांनंतर कोणी हसत नसे. एखादा रडवेला मुलगा म्हणायचा, "आजी, तुम्ही आपणहून सांगायचं ना." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "मी काऊन सांगू? तू इचार नं. मले काय म्हाईत तुले काय पायजे."

ती प्रेमळ होती असं लिहिलं तर खोटं ठरेल. मेसमधल्या मुलांच्या हातावर ती घरून आणलेली वांग्याची भाजी ठेवायची, पण खाटेवर तिने कुणालाही दयामाया दाखवली नाही. एकदा मी कौतुकाने म्हटलं, "बेबीताई, तुम्ही किती जणांना शिकवलंत!" तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुमाले वाटते मी शिकवून राह्यली. मी सूड घिऊन राह्यली मॅडम. त्या एकाचा कान सापडत नाई, म्हून या साऱ्याईचे कान पिळते." मला तिचा तो सूड फार आवडायचा. अजूनही आवडतो.

मग साहेब आले. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी तिचं लिहिलं नाही, मी त्यांचं लिहीत नाही. ते मोठ्या शहरातून आमच्याकडे अधिष्ठाता म्हणून आले. स्वागत समारंभात बेबीताई मागच्या रांगेत बसली होती. साहेब भाषण ऐकताना पेन टिकटिक करत होते. समारंभ संपल्यावर तिने मला बाजूला घेतलं. "हे साहेब पयले कुठं होते?" मी सांगितलं, उमेदीच्या काळात दोन वर्षं वर्ध्यातच दवाखाना होता म्हणे. तिने साहेबांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्याईले एक डाव माह्या खाटेवर आना." मला वाटलं, नव्या साहेबांना आपलं काम दाखवायची हौस. खरंच सांगते, मला तेवढंच वाटलं.

साहेबांनाही हौस होती. तरुण शिक्षकांना प्रात्यक्षिक दाखवतो म्हणाले. सभागृह भरलं. विद्यार्थी पायऱ्यांवर बसले. बेबीताई खाटेवर पोट धरून निजली. साहेब खुर्चीवर बसले, एक पाय दुसऱ्या पायावर, हातात पेन. "हं, काय होतंय?"

"पोट दुखते जी."

"जळजळ होते का?"

मी पहिल्या रांगेत होते. तिचा चेहरा मला दिसत होता. ती हळूच म्हणाली, "हो जी."

साहेबांनी खाणंपिणं विचारलं, शौचाचं विचारलं, विद्यार्थ्यांकडे वळून पित्तावर छान बोलले, लोक हसले. घंटा वाजली. बेबीताई उठून बसली. तिच्या पदराला एकच गाठ होती. ती गाठ तिने साऱ्या सभागृहाला दिसेल अशी वर धरली.

"मी मेली, साहेब. मांगच्या खेपेले माही बहीन अशीच मेली. शांता नाव होतं. तुमच्याच टेबलावरून उठून गेलती."

साहेब हसण्याचा प्रयत्न करत होते. "बाई अभिनय उत्तम करतात," असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कोणीही टाळी वाजवली नाही.

अर्ध्या तासाने मला त्यांच्या खोलीत बोलावणं आलं. "रोज शंभर पेशंट पाहायचो मी त्या काळी," ते म्हणाले. "कोण शांता, मला कसं आठवणार? हे तिला तुम्ही पढवलंत का?" त्यांना काय सांगायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. शांता हे आमच्या विद्यापीठातलं सगळ्यात मोठं पाठ्यपुस्तक आहे, तुम्ही त्यात नापास झालात, असं सांगायचं होतं. मी म्हणाले, "नाही सर. त्या स्वतःच्या मनानं बोलल्या."

यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्या खऱ्या शब्दांनी मी तिला एकटं सोडलं. दुसऱ्या दिवसापासून बेबीताईचं येणं बंद झालं. रुग्णांच्या भूमिका आता प्रशिक्षित व्यक्ती करतील, असा कागद निघाला. मी आंजीला तिच्या घरी गेले तेव्हा ती अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. माझी माफी तिने पुरती ऐकूनही घेतली नाही. "तुमची नौकरी हाये मॅडम. चहा घ्या." तिने शिवी घातली असती तर मी हलकी झाले असते. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही.

पुढे विद्यापीठात बोलणारी बाहुली आली. माणसाएवढी, रबरी कातडीची. श्वास घेते, तिची नाडी लागते, आणि काचेपलीकडच्या खोलीतून बटण दाबलं की ठरलेलं वाक्य बोलते. कंपनीच्या माणसाला मराठी बोलणारी बाई हवी होती. साहेब म्हणाले, आवाजाचं तुम्हीच बघा, मला त्यात आणू नका. मी बघितलं. कंपनीच्या मुलाला गाडीत घालून थेट आंजीला नेलं.

बेबीताई तेव्हा आजारी होती, पायांना सूज, बोलताना धाप. खाटेवर बसून तिने एकेक वाक्य म्हटलं. बाहेर फटफटीचा आवाज आला की पुन्हा म्हणायची, कुरकुर न करता. "नाव शांता जी." "सव्वीस वर्स." "सकायपासून दुखते." "पाळी चुकली जी, दीड मयना झाला." सगळं झालं. मुलगा माईक आवरायला लागला तशी ती म्हणाली, "थांब बापू. एक राह्यलं."

कागदावर नसलेलं एक वाक्य तिने म्हटलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, त्याने ते घेतलं. मग तिने मला जवळ बोलावलं. "तो साहेब आता इचारीन मॅडम. एक डाव चारचौघाईत तोंडावर पडला, आता तो पयला प्रश्न तोच इचारते का नाई ते पाहा. त्यानं इचारलं, तरच हे लावजा. बाकी पोट्ट्याईले नोका लावू, ते बिचारे शिकून राह्यले." थोडी धाप ओसरल्यावर म्हणाली, "लावान नं?"

मी हो म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा विश्वास बसलेला नाही हे मला कळलं. कसा बसणार? दोन महिन्यांनी ती गेली. तिला सरणावर ठेवताना तिच्या पदराला गाठ आहे का, हे मी वेड्यासारखं पाहत होते. नव्हती. नवं लुगडं होतं.

बाहुलीच्या कक्षाचं उद्घाटन आणि इतिहासाच्या पुस्तकाचं प्रकाशन एकाच दिवशी ठेवलं होतं. परीक्षांचं प्रकरण मी लिहिलं होतं, त्यात बेबीताई ढोले हे नाव, आंजीचं नाव, शांताचं नाव, सगळं होतं. साहेबांच्या टेबलावरून प्रकरण परत आलं तेव्हा तेवढाच भाग खोडलेला होता आणि वर ती ओळ लिहिलेली होती. मी काही बोलले नाही. माझी न बोलण्याची ख्याती त्यांना ठाऊकच होती.

फीत कापली गेली. पाहुणे, कुलगुरू, कॅमेरे. मी काचेपलीकडे, बटणांसमोर. कोणीतरी आग्रह केला, "सर, तुम्हीच पहिले डॉक्टर व्हा!" साहेब खाटेशी आले. पेन खिशात होतं. नाव विचारलं नाही, कुठे दुखतं विचारलं नाही. पाहुण्यांकडे पाहून हसले, आणि मोठ्याने म्हणाले, "सांगा बाई, पाळी कधी आली होती?"

त्या प्रश्नासाठी माझ्यासमोर दोन बटणं होती. एक बरोबर उत्तराचं. ते दाबलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, चहा झाला असता, निवृत्तीला उरलेली माझी चार वर्षं सुखाने गेली असती. आंजीच्या अंगणातला तो चहा आठवला आणि मी दुसरं बटण दाबलं.

खोलीत बेबीताईचा आवाज आला. धाप लागलेला, पण स्वच्छ.

"आता इचारून राह्यले का साहेब? शांता तं गेली."

कोणी हललं नाही. बाहुलीची छाती तेवढी वरखाली होत होती. कुलगुरूंनी हळू आवाजात विचारलं, "शांता कोण?" यावेळी साहेबांना आठवत होतं, ते मला इकडून लख्ख दिसलं. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मग ते वळून काचेकडे, माझ्याकडे बघू लागले. मी सरकले नाही, मान खाली घातली नाही. पण ती काच एकाच बाजूने आरपार दिसते. त्यांच्या बाजूने तिच्यात फक्त स्वतःचं तोंड दिसतं, आणि ते बराच वेळ तेच बघत उभे होते.