उतरवलेल्या बांगड्या

काल सुमनमावशी अंगणात पावट्याच्या शेंगा सोलायला बसल्या. बसण्याआधी त्यांनी हातातल्या बांगड्या उतरवून वाटीत ठेवल्या. ही द्राक्षांच्या पॅकहाऊसमधली सवय. परदेशी जाणाऱ्या पेटीत काचेचा कणही चालत नाही, म्हणून बायकांनी बांगड्या दारातच काढायच्या. पहिल्या दिवशी मावशी रडल्या होत्या, "नवरा जिवंत असताना हात भुंडे कसे ठेवू?"

यंदा आयातकरावरून दोन देशांचं बिनसलं आणि पॅकहाऊसला कुलूप लागलं. करार करताना मोठी माणसं फोटोसाठी हात तरी मिळवतात. मोडताना तेवढंही करत नाहीत.

"मावशी, आता घरी कशाला काढता बांगड्या?" मी विचारलं.

शेंगेवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "उद्या बोलावलं तर? सवय मोडायला नको."