यकृताचं केळवण

माझा थोरला भाऊ दारूच्या दुकानासमोरून जाताना रस्त्याची बाजू बदलायचा. गळ्यात माळ, खाणं शाकाहारी, व्यसन म्हणाल तर चहाचं, तोही गोड पाक. अशा माणसाचं यकृत निकामी झालं, तेव्हा माढ्याजवळच्या आमच्या गावाने चावडीवर बसून निदान केलं की दादा चोरून पीत असणार. एकाने तर बाटल्या उसात लपवलेल्या पाहिल्या होत्या म्हणे. आता गावात वेळही भरपूर आणि ऊसही भरपूर, त्याला कोण काय करणार!

खरी गोष्ट साधी होती. काही वर्षांपूर्वी सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ असं लिहून आलं होतं. दादाने ते कौतुकाने घेतलं. खात्यापित्या घरचा माणूस आहे, थोडी चरबी असायचीच, असं म्हणून कागद कपाटात गेला. पुढे पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता घरातल्या कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा द्यायला हवा. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. दादा-वहिनींना मूलबाळ नाही. वहिनींचा रक्तगट जुळेना. माझा जुळला.

मी सोलापुरात एका कॉलेजच्या कचेरीत कारकून आहे. मोठ्या ऐटीत तपासणीला गेलो. मशीनखालून निघालो तर डॉक्टर म्हणाले, “तुमचंही लिव्हर फॅटी आहे. असं घेता येणार नाही.”

“मग औषध?”

“वजन उतरवा. आठ किलो. दोन महिने थांबता येईल, जास्त नाही.”

“पण गोळी कुठली?”

“गोळी नाही. काही नवी औषधं निघाली आहेत, पण ती तुमच्यासाठी नाहीत. रोज तासभर झपाझप चाला. साखर, तळण, तूप, मैदा बंद. आणि कुणी काढा दिला तर घेऊ नका. असलेलं यकृतही बिघडायचं.”

एवढी फी घेऊन नुसतं ‘चाला’ म्हणणाऱ्या डॉक्टरवर आपल्याकडे कुणाचा विश्वास बसत नाही. आमच्या कचेरीत तर त्याची डिग्रीच संशयास्पद ठरली. हेडक्लार्कनी भुईआवळ्याचा रस सुचवला. एका प्राध्यापकांनी परदेशी पावडरीचा डबा टेबलावर ठेवला. ती पावडर ते स्वतःच विकतात हे मला नंतर कळलं. शेजारच्या तेलुगू काकूंनी कारल्याचा रस पाठवला आणि मी तो पितो की नाही हे पाहायला स्वतः दारात उभ्या राहिल्या. चालायला मात्र माझ्याबरोबर कुणी आलं नाही. उपाय असा हवा की बसल्या जागी घेता आला पाहिजे.

तरी हे सगळं परवडलं असतं. खरा घात केला तो नातेवाइकांनी.

लग्न ठरलं की आपल्याकडे मुलाला, मुलीला घरोघरी जेवायला बोलावतात, केळवण करतात. मी भावाला यकृत देणार ही बातमी फुटली आणि भावकीने माझं केळवण मांडलं. पोरगं एवढं मोठं पुण्याचं काम करायला निघालंय, त्याला उपाशी कसं पाठवायचं! पहिलं आमंत्रण मामांचं, जेऊरचं. पाटाभोवती रांगोळी, समोर पुरणपोळी आणि वाटीभर तूप. मी म्हणालो, “मामा, डॉक्टरनं तूप बंद केलंय.”

“आरं, डॉक्टरला काय कळतंय? आपरेशनला ताकद नको व्हय? खा मुकाट्यानं!”

अक्कलकोटच्या आत्यांनी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर केली. गूळ, खसखस, खोबरं, आणि वर पुन्हा तूप. आत्या निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलतात. “स्वल्प, स्वल्प घे रे,” म्हणत त्यांनी पळीने तीनदा वाढलं. त्यांच्या घरी ‘थोडं’ या शब्दाला काठ नाही. चुलतभावाने शेतात हुरड्याला बोलावलं. हुरडा तसा पौष्टिक, पण त्याच्याबरोबर गूळ, शेंगाचटणी, शेव, दही, आणि निघताना जिलेबी. प्रत्येक घरून उठताना हातात नारळ आणि टॉवेल-टोपी. महिन्याभरात माझ्याकडे अकरा टॉवेल जमले. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही हे कबूल करतो. आपल्याला कुणी थोर म्हणत वाढत असलं की हात आडवा घालणं फार जड जातं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतही होतं.

घरी बायको काकडी आणि ताक पुढे ठेवायची. एकदा टॉवेलांचा ढीग बघून ती म्हणाली, “तुम्ही लिव्हर द्यायला चाललाय का बोहल्यावर?” मी रागावलो. खरं बोलणाऱ्यावर मी नेहमीच रागावतो.

महिन्याने पुन्हा तपासणी झाली. वजन तीन किलो वाढलं होतं आणि चरबीही. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला. “तुमच्या भावाकडे आता एकच महिना आहे. तुम्हाला द्यायचं नसेल तर तसं सांगा. घाबरणं समजू शकतो मी.”

मी शरमेने कागद घडी करून खिशात घातला. बाहेर येऊन पहिला फोन आत्यांना लावला आणि महिन्याभराचा राग त्यांच्यावर काढला. त्या रडायलाच लागल्या. “मला का रं बोलतोस? तुझा दादाच फोन करून म्हणाला की, त्याला जेवायला बोलवा म्हणून. मामालाबी त्यानंच सांगितलं.”

पुण्याहून मी घरी गेलोच नाही, सरळ गावी गेलो. दादा पडवीत खुर्चीवर बसला होता. हातापायांच्या काड्या झालेल्या आणि पोट मात्र फुगलेलं. मला बघून त्याने आत हाक मारली, “आगं, ताट वाढ. गोडाचं कर कायतरी.”

मी विचारलं, “दादा, सगळ्यांला फोन तू केलास?”

त्याने आधी आतल्या दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाला, “व्हय, केलं. तुला दोन पोरी हायत. तुला कापून घेऊन मी जगू व्हय? डॉक्टर म्हणला चरबी असली तर न्हाय चालायचं. मी म्हणलं, असू दे की मग.”

“मला सरळ नको म्हणायचं होतंस.”

“ऐकला असतास? आन् हिच्या तोंडावर कसं नको म्हणायचं?”

वहिनी शिऱ्याचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ज्याने मला शिकवलं, स्वतः बांधावर राहून मला सोलापूरला धाडलं, त्याच्याशी मी उभ्या जन्मात चढ्या आवाजात बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

“दादा, मला एवढंच जेवायला घालायचं असंल तर तुज्या तेराव्याला घाल. पोटभर जेवून जातो.”

वहिनी पुढे आल्या. ताट त्यांनी माझ्यासमोर न ठेवता दादाच्या पायाशी ठेवलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या. “मला इचारलं का कुणी,” एवढंच म्हणाल्या, “मी एकटी हितं काय करू?” दादाने वाकून ते ताट बाजूला सरकवलं. मग त्याने मला विचारलं, “किती उतरवायचं हाय?”

“अकरा किलो. महिन्यात.”

“रजा टाक. हितंच ऱ्हा.”

मी राहिलो. वहिनी भाकरी आणि बिनतेलाची भाजी मोजकी वाढायच्या, दुसऱ्यांदा विचारायच्याही नाहीत. सकाळ-संध्याकाळ मी उसाच्या कडेने झपाझप चालायचो. मामा एकदा पेढे घेऊन आले, तर दादाने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. तो बांधावर खुर्ची टाकून बसायचा आणि माझ्या फेऱ्या मोजायचा. उन्हात बसवत नसे त्याला, तरी उठायचा नाही.

एका संध्याकाळी मी धापा टाकत त्याच्यापुढे थांबलो. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. म्हणालो, “झाल्या दादा, आठ झाल्या.”

त्याने माझ्याकडे न बघता मान हलवली.

“सातच झाल्या. चाल.”

आठ झाल्या होत्या, मी नीट मोजल्या होत्या. त्यालाही ते माहीत होतं. मी पुन्हा चालायला लागलो, आणि उसाच्या आड गेल्यावर मला रडू आवरेना.